चौदा फळ्यांचा हिशेब

गेल्या उपवासकाळापूर्वी आमच्या धर्मग्राम मंडळाची बैठक भरली आणि क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने लाकडात नव्याने करून घेण्याचा विषय अवघ्या दहा मिनिटांत निकालात निघाला. जुन्या प्लास्टरच्या चौकटी खाऱ्या हवेने आणि पावसाळ्यातील ओलीने पोपडे धरून बसल्या होत्या. त्या बदलायला हव्यात याविषयी दुमत नव्हते. दोन दर पुढे आले. एक संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या कोरीवयंत्राच्या कारखान्याचा, ज्याला आता गावोगाव नुसते 'सीएनसी' म्हणतात. त्याचा दर फळीमागे ३,००० रुपये. दुसरा दर आमच्याच किनाऱ्यावरील एका वृद्ध मेस्ताचा, फळीमागे ८,००० रुपये. खजिनदारांनी दोन्हींना चौदाने गुणले. एकीकडे ४२,००० आणि दुसरीकडे १,१२,००० हे आकडे फळ्यावर उमटताच कोणीतरी म्हणाले, "यात विचार करण्यासारखे आहे तरी काय?" आणि हात वर झाले. आमचाही हात वर होता. पुढे जे कठोर लिहिणार आहोत, ते इतरांइतकेच स्वतःलाही उद्देशून आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मेस्त दाराशी उभा होता. त्याने वाद घातला नाही. एवढेच म्हणाला, "दर जास्त नाय, दीस जास्त आसत." हे वाक्य घेऊन आम्ही घरी आलो, आणि जो हिशेब बैठकीपूर्वी करायला हवा होता तो बैठकीनंतर करीत बसलो. त्या हिशेबाने आमची खात्री पटली आहे की, आमच्या चर्चमध्ये, आणि आमच्याच कशाला, मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि कुडाळपासून बांद्यापर्यंत जिथे जिथे नवी वेदी, नवी चौकट, नवा पुतळा करण्याचे घाटत आहे तिथे तिथे, 'यंत्र स्वस्त, हात महाग' हे जे गृहीत धरले जाते ते साफ चुकीच्या गणितावर उभे आहे.

आधी यंत्राचे पाहू. लाकूड कोरणाऱ्या या यंत्रात एक वेगाने फिरणारे पाते असते आणि ते डावीउजवीकडे, पुढेमागे व वरखाली अशा तीन दिशांनी संगणकाच्या हुकुमानुसार सरकते. तत्त्व जुनेच आहे. धातू कापणाऱ्या अशा पहिल्या यंत्राचे प्रात्यक्षिक १९५२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाले. लोकांची समजूत अशी की, बटण दाबले की चित्र उमटते, जणू छापखानाच. प्रत्यक्षात यंत्र शेतात नांगर चालावा तसे चालते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक तास काढायचे, किंचित बाजूला सरकायचे, पुन्हा दुसरे तास काढायचे. पाते किती 'किंचित' सरकते यावरच वेळ, पैसा आणि कामाचा कस ही तिन्ही अवलंबून असतात.

आमची फळी दीड फूट उंच आणि एक फूट रुंद, म्हणजे सुमारे ४५० बाय ३०० मिलिमीटर. आकृत्या पाऊण इंच उठावाच्या. अशा कामाला शेवटचा हात फिरवण्यासाठी ३ मिलिमीटर व्यासाचे, गोल टोकाचे पाते लावतात. दोन तासांतील अंतर ०.३ मिलिमीटर ठेवले तर ३०० मिलिमीटर रुंदीत १,००० फेऱ्या होतात. प्रत्येक फेरी ४५० मिलिमीटरची. एकूण प्रवास ४५० मीटर! यंत्राला मिनिटाला ३ मीटर वेग दिला असेल तर कागदावर अडीच तास लागतात. पण ख्रिस्ताच्या अंगरख्याच्या चुण्या, वेरोनिकेच्या हातातील वस्त्र, शिपायाचे शिरस्त्राण यांवरून जाताना पात्याला क्षणोक्षणी वर-खाली व्हावे लागते. चढावर बैलगाडी मंदावते तसा वेग मंदावतो आणि बारीक कामात तो निम्म्यावर येणे नवलाचे नाही. म्हणजे पाच तास. त्याआधी जाड पात्याने नको असलेले लाकूड काढून टाकण्याला एक तास. एका फळीला सहा तास, चौदा फळ्यांना चौऱ्याऐंशी.

आता घाईत असलेला कारखानदार काय करील? तो अंतर ०.३ ऐवजी ०.६ ठेवील. शेवटच्या हाताचा वेळ पाचावरून अडीच तासांवर येईल. पण दोन तासांमध्ये जो बारीकसा कंगोरा उरतो, त्याची उंची दुपटीने वाढत नाही, चौपटीने वाढते, ०.००७५ मिलिमीटरची ०.०३ होते. आकडा नगण्य वाटेल. पॉलिश चढल्यावर खिडकीतून तिरपा उजेड पडू द्या, मग प्रभूच्या गालावर नांगरलेले शेत दिसते! ते घालवायला पॉलिश पेपर घासायचा, तर कंगोऱ्यांबरोबर पापण्याही जातात. उलट चेहरे नीट यावेत म्हणून १ मिलिमीटरचे टोक लावून अंतर ०.१ केले, तर फेऱ्या ३,००० होतात, प्रवास १,३५० मीटर होतो, आणि त्याच मंद वेगाने एका फळीचे पंधरा तास होतात. हे सारे भूमितीचे सत्य आहे. त्यात कारखानदाराची लबाडी नाही आणि त्यापुढे त्याचा इलाजही नाही. आणखी एक मर्यादा आहे. तीन दिशांचे पाते वरूनच पाहते. क्रूस धरलेल्या बोटांच्या मागे, खांद्याखाली, केसांच्या बटेच्या पलीकडे ते शिरू शकत नाही. तिथे पटाशीच लागते.

आता तासाची किंमत. इथले आकडे अंदाजाचे आहेत, परंतु कोणाही कारखानदाराने आपल्या वहीशी ताडून पाहावेत. समजा यंत्र ६ लाखांचे आहे, ते पाच वर्षे टिकेल आणि वर्षाला १,२०० तास काम करील. तासाला १०० रुपये झाले. वीज, धूळ ओढणारा पंखा धरून, ४० रुपये. पाती झिजतात, मोडतात, ३० रुपये. चालवणाऱ्याची मजुरी ९० रुपये. भाडे, व्याज, दुरुस्ती मिळून ४०. एकूण तासाला ३०० रुपये. आमच्या किनाऱ्यावर यात आणखी एक भुर्दंड असतो. जूनपासून वीज येते-जाते, आणि कोरीवकाम चालू असताना ती गेली की यंत्र आपली जागा विसरते; पुन्हा जुळवताना केसभर फरक पडला तर मुखावर रेघ उमटते आणि फळी बाद होते. खारी हवा यंत्राच्या पोलादी पट्ट्यांना गंज चढवते ती वेगळीच. तरीही तासाला ३०० हाच आकडा धरू.

मेस्ताकडे वळू. फळीला दीड इंच जाडीचे साग किंवा शिवण लागेल. कापण्या-तासण्यात जाणारे धरून पाव घनफूट, म्हणजे समजा ७५० रुपये. आठ हजारांतून ते वजा जाता ७,२५० उरतात. मेस्ताने एका फळीला सात दिवस सांगितले होते. रोजचे आठ तास धरले तर छप्पन्न तास. ७,२५० भागिले ५६.

तासाला १३० रुपये!

हा आकडा आम्ही दोनदा तपासला. यंत्राच्या तासाला ३०० आणि चाळीस वर्षे पटाशी चालवलेल्या माणसाच्या तासाला १३०. ज्याला आम्ही सर्वांसमोर 'परवडत नाही' म्हटले, तो यंत्राच्या निम्म्याहूनही कमी दराने राबायला तयार होता. कारखानदाराने तासाचे ३०० सांगितले तर आम्ही मान डोलावतो, कारण त्याच्यामागे कर्जाचा हप्ता आणि विजेचे बिल दिसते. मेस्तामागे काय दिसत नाही? त्यालाही घर आहे, औषधपाणी आहे, मुलांची शिकवणी आहे. फरक एवढाच की, त्याने आपल्या हातांवर बँकेचे कर्ज काढलेले नाही.

कोणी म्हणेल, तासाचा दर घेऊन काय करायचे, पैसे फळीमागे द्यायचे आहेत. हे म्हणणे रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्या ३,००० रुपयांतच दडलेले आहे. लाकडाचे ७५० गेले, सहा तासांचे १,८०० गेले, उरले ४५०. या ४५० रुपयांत दोन गोष्टी बसवायच्या आहेत. एक, यंत्रातून निघालेल्या फळीवर हाताने शेवटचा संस्कार: उलट शिरेवर उभे राहिलेले तंतू काढणे, डोळे आणि बोटे मोकळी करणे, घासणे, पॉलिश करणे. निदान दोन दिवसांचे काम. हजार रुपये रोज धरला तर २,०००. दुसरी गोष्ट म्हणजे मूळ चित्र. यंत्राला आधी संगणकात घडवलेली उठावाची प्रतिमा लागते आणि ती कोणीतरी माणूसच घडवतो. एका स्थानासाठी तीन दिवस आणि संगणकावर मूर्ती घडवणाऱ्याचा रोज १,५०० धरला तर ४,५०० रुपये. बेरीज करा: लाकूड ७५०, यंत्र १,८००, हातसफाई २,००० आणि प्रतिमा ४,५००; एकूण ९,०५० रुपये. मेस्ताचे ८,००० होते.

मग ३,००० रुपयांत फळी येते कशी? उघड आहे. हातसफाई गाळायची आणि प्रतिमा तयार मिळते ती उचलायची. कारखानदाराने आम्हांला फसवले नाही. काय गाळले आहे ते आम्ही विचारले नाही. दूर देशी कोणीतरी घडवलेली चौदा स्थानांची प्रतिमा एकदा विकत घेतली, किंवा न घेताच मिळवली, की ती कोठेही, कितीही वेळा कोरता येते. यंत्राची स्वस्ताई ही नकलेची स्वस्ताई आहे. चार धर्मग्रामांनी मिळून प्रतिमा घडवून घेतली तर दुसऱ्या संचापासूनच यंत्र मेस्ताच्या पुढे निघून जाते, हेही आम्ही प्रामाणिकपणे मांडतो. प्रश्न हा की, आरोंद्याच्या चर्चमध्ये, देवबागेच्या चर्चमध्ये आणि ब्राझीलमधील एखाद्या चर्चमध्ये तोच पिलात, तीच वेरोनिका, त्याच तीन पवित्र स्त्रिया असाव्यात, असे आम्हांला खरोखर वाटते का? प्लास्टरच्या साच्यातून आजवर तेच मिळत होते. लाकूड हवे असे ठरवताना काही वेगळे हवे होते, असा आमचा तरी समज होता.

यंत्राच्या कामाचा एक संच आम्ही मध्यंतरी पाहिला. क्रुसाच्या वाटेवर प्रभू तीन वेळा पडतो: तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी. त्या संचात तिसऱ्या आणि नवव्या स्थानातील ख्रिस्त एकच होता, फक्त डावीकडचा उजवीकडे फिरवलेला. पहिल्या पडण्यातील धडपड आणि तिसऱ्या पडण्यातील संपलेपण यांत जो भेद आहे, त्यासाठीच तर तीन स्थाने आहेत! प्रतिमा फिरवणाऱ्याच्या हे ध्यानातही आले नसावे. समोर गुडघे टेकून प्रार्थना म्हणणाऱ्यांच्याही आले नसावे, याचे आम्हांला अधिक वाईट वाटले.

यावर आमच्यावर एक आक्षेप हमखास येईल: हे लोक यंत्राचे वैरी आहेत, यांना गाडा उलटा फिरवायचा आहे. तो आरोप आम्हांला मान्य नाही. लाकूड कोरणारे यंत्र आजचे नाही. इंग्लंडमध्ये थॉमस जॉर्डन याने १८४५ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले आणि लंडनच्या नव्या पार्लमेंटभवनातील लाकडी नक्षीकाम त्याच्या यंत्राने केले गेले. पण त्या यंत्राने ओबडधोबड भाग उतरवून द्यायचा आणि अखेरचा हात कारागिराने फिरवायचा, अशी वाटणी होती. आमच्या घरचेच उदाहरण हवे असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीत जावे. लाकडी आंबे, केळी, भोपळे, लाटणी, भोवरे यांसाठी ती आळी प्रसिद्ध आहे. तिथला कारागीर कातावर काम करतो, आणि कात हेही यंत्रच. पूर्वी हाताने फिरे, आता मोटारीने फिरतो. गोल वस्तू कातावर काही मिनिटांत उतरते. त्यानंतरचे घासणे, रंगाचे हात, आंब्याच्या गालावरची ती लाली हे सारे माणसाचे. चिताऱ्याने यंत्र नाकारले नाही. यंत्राचे काम कोठे संपते आणि आपले कोठे सुरू होते, हे त्याला पक्के ठाऊक होते. आणि एवढे करूनही ही कला मरणपंथाला लागली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून लाखकामाला व गंजिफांना आश्रय दिला, तेव्हा तिला श्वास मिळाला. आश्रय म्हणजे गौरवपत्र नव्हे. त्यांनी कारागिराला रोजचे काम दिले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'अहो, मेस्त उरलेत कोठे? एक वृद्ध आहे, तोही दोन वर्षे लावील.' खरे आहे. पण ते का उरले नाहीत? पटाशी धरणारी मुले गोव्यात हॉटेलांची फर्निचरे करायला गेली, आखातात गेली, कारण गावातल्या चर्चने, गावातल्या देवळाने आणि गावातल्या श्रीमंत घराने कोरीवकाम मागणेच सोडून दिले. आपणच मागणी तोडायची आणि मग पुरवठा नाही म्हणून खंत करायची, ही रीत आता पुरे झाली. चौऱ्याऐंशी तासांत काम मिळते म्हणून आपण यंत्राकडे धावतो. पण जुन्या चौकटी कित्येक वर्षे पोपडे धरून भिंतीवर होत्याच. आणखी काही महिने त्यांनी कोणाचे काय बिघडवले असते?

आमच्यापैकी पुष्कळांची घराणी गोव्यातून इकडे आलेली. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस आणि से कॅथेड्रलमधील सोनेरी वेद्या दाखवायला आपण पाहुण्यांना आवर्जून नेतो. त्या वेद्या घडवणारे हात बहुतांशी इथल्याच मातीतले. गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने १५६७ साली हिंदू कारागिरांकडून उपासनेच्या वस्तू करून घेण्यास मनाई केली. आणि अशी मनाई करावी लागली यावरूनच दिसते की, काम तेच करीत होते. पुढेही करीत राहिले. म्हणून तर त्या काळच्या देवदूतांचे गाल आणि डोळे आपल्या शेजारच्या पोरांसारखे दिसतात, वेलबुट्टीत इथलीच फुले-फळे डोकावतात. तयार प्रतिमा उचलणाऱ्या यंत्राला ही आगळीक करता येणार नाही.

दर १ मे रोजी आम्ही कामगार संत योसेफाचा सण पाळतो. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली तो सुरू केला. त्याच्याही आधी, १८९१ साली, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा कैवार घेतला. आमच्या प्रवचनांतून या गोष्टी ऐकू येतात आणि आम्ही माना डोलावतो. वेदीवर सुताराची आरास करायची आणि बैठकीत सुताराशी घासाघीस करायची, हा विसंवाद कोणाला खटकत कसा नाही? कोणी म्हणेल, देवाच्या कामाला कारागिराने थोडी सवलत द्यावी. जरूर द्यावी, त्याची इच्छा असेल तर. पण ध्वनिक्षेपकवाल्याकडे आणि मंडपवाल्याकडे आपण देवाच्या नावाने किती सवलत मागतो? फेस्ताच्या दिवशीचे दारूकाम दहा मिनिटांत जळून जाते. त्याच्या बिलावर बैठकीत चर्चा झाल्याचे आम्हांला आठवत नाही.

तेव्हा आमचे म्हणणे असे. बाकांच्या बाजू, वेदीचा कठडा, जाळी, पुन्हा पुन्हा येणारी वेलपट्टी ही कामे खुशाल यंत्राला द्यावीत. तिथे तोच आकार हवा असतो आणि यंत्र तो चोख देते. आकृतींची कामे असतील तिथे ओबडधोबड लाकूड उतरवायला तासभर यंत्र लावावे, ३०० रुपयांत मेस्ताच्या दंडाचे एक-दीड दिवसाचे श्रम वाचतील, आणि मग फळी त्याच्या हाती द्यावी. चेहरा मात्र माणसाने घडवावा. दर मागताना कारखानदाराला आणि मेस्ताला एकच प्रश्न विचारावा: किती तास, आणि त्या तासांत काय काय येते? जो यंत्रचालक तरुण आहे तोही आपलाच मुलगा आहे. फुटाच्या दराने काम घेऊन तो तासांच्या हिशेबात बुडतो आणि हप्ता थकतो, हेही आम्ही पाहिले आहे. तास मोजले तर त्याचेही भले होईल. आणि यंत्राने केलेल्या फळीखाली 'हस्तकला' अशी पाटी लावून दानशूर कुटुंबाचे नाव कोरू नये. देणाऱ्याने कशासाठी पैसे दिले, हे त्याला कळले पाहिजे.

मंडळापुढे हा हिशेब आम्ही लेखी ठेवला आहे. खजिनदारांनी तो दोन दिवस घरी नेला आणि एक चूकही काढली. लाकडाचा दर आम्ही कमी धरला आहे असे त्यांचे म्हणणे. तो दोन्हीकडे सारखाच वाढेल. कारखान्याला दिलेली आगाऊ रक्कम परत मागायची नाही, तिच्यात कठड्याची वेलपट्टी करून घ्यायची, असे सुचवले आहे. मेस्ताने एक फळी नमुन्यादाखल करायची तयारी दाखवली आहे. स्थान कोणते घ्यायचे असे विचारले, तर त्याने सहावे मागितले, वेरोनिकेचे. निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा आहे. तोवर प्लास्टरच्या चौकटी भिंतीवर आहेत. सातव्या स्थानाचा खिळा सुटला होता, तो मेस्ताने जाता जाता ठोकून दिला, आणि त्याचे पैसे अर्थातच कोणी विचारले नाहीत.